रूळ का सरकत नाही?

मी मनमाडकडचा रेल्वेचा कीमन. रोज हातोडा खांद्यावर टाकून सेक्शन पायी तपासायचं, ढिल्या क्लिपा ठोकायच्या. घट्ट क्लिपेचा आवाज वेगळा, ढिलीचा बद्द. हे कानाला कळायचं. पण क्लिपा घट्ट का लागतात, ते ठाऊक नव्हतं.

ते कळलं मोबाइलवर. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. परीक्षा दिली तरच फी. पुण्याच्या इरिसेन या रेल्वेच्या संस्थेची पुस्तकंही नेटवर मिळतात. सगळं इंग्रजीत, त्यामुळे एकेक व्याख्यान मी तीनदा ऐकतो. नेट गेलं की पुस्तक.

एका रात्री गणित मांडलं. एक किलोमीटर मोकळा रूळ 30 अंशांनी तापला, तर साधारण 35 सेंटिमीटर लांबतो. म्हणजे फुटाहून जास्त! पण वेल्ड केलेल्या लांब रुळाला सरकायला जागाच नसते. क्लिपा, स्लीपर आणि खडी त्याला दाबून धरतात आणि लांबण्याचा जोर रुळातच साठतो. खडी कमी पडली की तापलेला रूळ आडवा वाकू शकतो. उन्हाळ्यात साहेब खडी उकरायला का मनाई करतात, तेव्हा उमगलं.

ज्युनियर इंजिनिअरच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसणार आहे. बायको म्हणते, "आधी लाइटबिल भरा."