नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

मैत्रिणींनो, घरातलं पिण्याचं पाणी कोण भरतं? कोण गाळतं? माठ कोण घासतं? उत्तर सांगायची गरजच नाही! पण गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, कुठला हातपंप पिण्यासाठी बंद करायचा, हे ठरताना आपल्याला सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगायला हाताशी आकडा नसतो. तो आकडा मिळवायचा म्हणून मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वच्छता निरीक्षकाच्या वर्गात नाव घातलं.

बारावीनंतरचा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आणि इतरही काही संस्था तो चालवतात. पाणी, सांडपाणी, कचरा, डास, साथीचे रोग असे विषय. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. वर्गातली बाकी मुलं-मुली विशीतली, मला ‘काकू’ म्हणायची. “या वयात कशाला हा ताप?” असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण परीक्षेच्या दिवसांत सकाळच्या पोळ्या त्यांनीच लाटल्या.

सरांनी पहिल्याच आठवड्यात विहिरीचं गणित घातलं. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर खोल. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४. म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ विहिरीत सोडून ढवळायची आणि अर्धा तास थांबायचं. मग ओटी चाचणी. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. वीस माणसांच्या वरणात मीठ किती, हे आपण रोज ठरवतोच ना? हे गणितही मला तसंच घरचं वाटलं.

खरी परीक्षा झाली ती केळापूर तालुक्यातल्या एका गावात. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्या गावातल्या देवळाजवळच्या हातपंपाचं पाणी तपासणी पेटीतल्या रंगाच्या पट्टीशी ताडून पाहिलं, तर त्याहून जास्त निघालं. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

पंपावरच्या आजीबाई मात्र ऐकेनात. “काहून व माय, आमी इतले वर्स हेच पानी पेलो नं! पाय, काचेसारखं हाय.”

मी वाद घातला नाही. म्हटलं, “मावशी, नातवाला जरा हसायला सांगा.” पोरगं हसलं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे.

आजीबाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “आमी त त्याले रोज बोलतो, पोट्टा दात घासत नाही म्हून.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, असं पाणी पोटात गेलं की हे डाग पडतात आणि घासून जात नाहीत. पुढे हाडं, सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीननेही जात नाही. तुरटी आणि चुन्याने ते कमी करण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने शोधली. जोडीला दूध, पालेभाज्या, आवळा, पेरू आहारात असावेत.

ग्रामसभेत मी उभी राहिले ती अहवाल हातात घेऊन. पूर्वी माझं बोलणं ‘मला वाटतं’ने सुरू व्हायचं, त्या दिवशी ‘नोंद अशी आहे’ने झालं. एकाने विचारलं, “पंप बंद केला तर बाया पाण्याला जातील कुठं?” प्रश्न रास्त होता. पंपाला लाल रंग दिला, धुण्याभांड्यासाठी ठेवला. पिण्यासाठी पलीकडची विहीर तपासून घेतली. पण खेप लांबची झाली आणि ती बायकांच्याच डोक्यावर आली. म्हणून त्या विहिरीवरून नळ आणण्याचा अर्जही आम्ही बायकांनी मिळून दिला. नुसता लाल रंग मारून काम संपत नाही, हे पुस्तकात नव्हतं. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा गावात गेले की कीर्तनाआधी हाती खराटा घ्यायचे, ते उगाच नाही!

प्रत्येकीने हा अभ्यासक्रम करावा असं माझं म्हणणं नाही. पण २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, ते विचारा. नसतील तर आपलं नाव द्या. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देण्याची आपल्या राज्यात पद्धत आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, “आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं?” उत्तर मिळालं की ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.