आजी, गाडीतच बसा

मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन खाडी ओलांडली. फेरीबोट सुटायच्या आधी एक पोरगेलासा खलाशी गाड्यांच्या फटीतून आडवा होत आमच्यापर्यंत आला, काचेवर टकटक केलं आणि एक नारिंगी लाइफ जॅकेट आत सारलं. “आजींच्या मांडीवर ठेवा.” आई ब्याऐंशीची, दोन्ही गुडघे गेलेले. मी तिच्या बाजूचं दार उघडून पाहिलं. वीतभर उघडलं आणि शेजारच्या टेम्पोला टेकलं. जॅकेट मांडीवर, सीटबेल्ट कमरेला, दार बंद. बोट बुडालीच, तर ते जॅकेट आईला गाडीच्या टपापर्यंत नेऊन सोडणार. त्याच्या पलीकडे नाही.

हे जॅकेट कुठून आलं ते सगळ्यांना माहीत आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जीव गेले. परवाना ८४ प्रवाशांचा, बोटीवर माणसं शंभरावर, आणि जॅकेट बहुतेकांच्या अंगावर नाही. मग कपाटांची कुलपं उघडली. आपल्याकडे कुलपं अशीच उघडतात.

१७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, तेव्हाही ती उघडलीच असतील. त्यानंतरच्या आगबोटींच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही. माझ्या पिढीच्या प्रत्येक कोकणी लेखकाने त्यावर एक तरी हळवा लेख पाडला आहे. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं आणि शेवटचे दहा-वीस हात खलाशाच्या खांद्यावरून. खांद्यावर बसलेल्या आजीचं कौतुक सगळ्यांनी केलं. तिला चारचौघांत तसं उचलून नेलेलं कसं वाटलं, हे एकानेही विचारलं नाही.

माझं दशक त्यानंतरचं, २००३ ते २०१३. वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली २००३ला. गोव्यात मांडवी-जुवारीच्या पाण्यावर गाड्या कितीतरी आधीपासून जात होत्या. आमच्याकडे मात्र समोर दिसणाऱ्या गावाला जायला चिपळूणचा वळसा पडायचा. मग वाशिष्ठीपाठोपाठ सावित्रीवर वेसवी-बागमांडला झाली, शास्त्रीवर तवसाळ-जयगड, राजपुरीच्या खाडीत आगरदांडा-दिघी. माहेर एका तीरावर आणि सासर दुसऱ्या, अशा बायकांचं आयुष्य या लोखंडी पट्टीने बदललं. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. तक्रारही त्याच तोंडाने करतो आहे.

माझी तक्रार ज्या खाडीवर घडली तिचं नाव सांगत नाही. सांगितलं की प्रश्न तेवढ्याच धक्क्याचा होतो.

पहिल्या वर्षांत डेकवर जागाच जागा असे. चार मोटारी, दोन टेम्पो, बाकी पायी माणसं. कठड्याला लागून एक लाकडी बाक होता, वर पत्र्याची पडवी. कोळणी पाट्या खाली ठेवून तिथे टेकायच्या, म्हातारी माणसं टेकायची. २००९ला बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीवरून न्यायला लागलो, तेव्हा त्या बाकाची किंमत कळली. भरतीला रॅम्प धक्क्यावर जवळजवळ सपाट पडे आणि खुर्ची सहज आत जाई. सुकतीला मात्र उतार अंगावर यायचा, शेवाळावरून चाक घसरायचं, आणि रॅम्पची कड नि सिमेंट यांच्यात पुढची छोटी चाकं बरोबर अडकायची. दोन खलाशी धावत यायचे, खुर्चीसकट बाबांना उचलायचे. बाबा डोळे मिटून घ्यायचे. पण आत आल्यावर त्यांची खुर्ची बाकाशेजारी लागायची आणि पंधरा मिनिटं ते सगळ्यांसारखे प्रवासी असायचे.

२०११ला बाक गेला. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग गावाच्या देवळापर्यंत जायला लागली होती, आणि बाकाच्या जागेत आणखी एक मोटार बसत होती. माणसांनी बसायचं वरच्या मजल्यावर. जिना लोखंडी, उभा, खांदाभर रुंद. बाबांचं काय, असं तिकिटाच्या खिडकीवर विचारलं. उत्तर आलं, “काकांना गाडीतच बसू दे ना. त्यांना कशाला त्रास?”

मी अर्ज केला. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात जलवाहनांचाही उल्लेख होता, अपंगांना सहज चढता येईल अशी सोय करा म्हणून. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, आणि कायद्यातल्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांवर बोट ठेवून कागद परत दिला. २०१६ला नवा कायदा आला. त्यातही जुन्या वाहनांत बदल करायचे ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि परवडण्याजोगे असतील तर. साहेबांना दुसरं बोट ठेवायला जागा झाली. बाबा तोवर गेले होते.

‘गाडीतच बसा’ हे वाक्य मायेने म्हटलं जातं, म्हणूनच त्यावर भांडता येत नाही. पण समुद्रात जाणाऱ्या मोठ्या कार फेरीबोटींवर नियम नेमका उलटा असतो: गाडी लावा आणि वर या. मार्च १९८७मध्ये बेल्जियममधल्या झीब्रुगा बंदरातून पुढचं दार उघडं ठेवूनच निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ पाणी गाड्यांच्या डेकवर शिरताच मिनिट-दोन मिनिटांत कलंडली, १९३ माणसं गेली. आमची फेरीबोट उघडी आहे, खाडीही छोटी आहे, मान्य. पण गाड्या सरकल्या, कुठे धूर निघाला, तर सगळ्यांत आधी अडकणार तो गाडीतला माणूस. आणि आम्ही तिथे नेमकं ज्याला पळता येत नाही त्यालाच ठेवतो. सुरक्षा आणि अपंगांची सोय अशा दोन वेगळ्या फायली ज्यांनी केल्या, त्यांनी कधी आईला घेऊन प्रवास केलेला नसावा.

मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ग्रीसमध्ये बांधलेली मोठी वातानुकूलित रो-रो जाते. छान आहे. आमच्या खाड्यांवर रेवस-रेडी मार्गाचे पूल येणार आहेत, म्हणून आता बोटींवर कशाला खर्च, असं ऐकतो. सावित्रीवरच्या बाणकोटच्या पुलाचे अर्धवट खांब किती वर्षं पाहतो आहे, ते मोजणं मी सोडून दिलं.

मला लिफ्ट नको, एसी नको. रॅम्पची फट झाकणारा एक पत्रा हवा. खालच्या डेकवर पडवी आणि बाक हवा. आणि म्हातारं माणूस असलेल्या गाडीशेजारी दार पूर्ण उघडेल एवढं अंतर हवं. मी मोजलं आहे: त्यात एक मोटारसायकल उभी राहते.

त्या दिवशी आईने त्या पोराला विचारलं, “हे घालून बाहेर कशी पडू रे?” तो हसला. “पडायची वेळच येणार नाही, आजी.” मग मागची शिट्टी ऐकून धावत गेला. आमच्या आणि टेम्पोच्या मधल्या फटीत एका मोटारसायकलचं हँडल घुसवायचं होतं.