आवाजाआधी जाणारा निरोप

आपण नंबर फिरवतो आणि पलीकडे घंटा वाजते. तेवढ्या वेळात दोन एक्स्चेंजमध्ये निरोपांची देवाणघेवाण होऊन गेलेली असते: हा नंबर हवाय, हे सर्किट धरलंय, घंटा वाजतेय, फोन उचलला. पूर्वी असे निरोप बहुधा आवाजाच्याच वाटेने जात. म्हणूनच अमेरिकेत २६०० हर्ट्‌झची शिट्टी वाजवून फुकट ट्रंक कॉल लावणारे निघाले. १९८० साली सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय टेलिफोन-मानक समितीने ‘सिग्नलिंग सिस्टिम नंबर सात’चे नियम प्रसिद्ध केले. त्यात निरोपांची वाट आवाजापासून वेगळी होती.

ही भाषा साध्या कॉम्प्युटरला शिकवायची, तर त्यात सिग्नलिंग बोर्ड बसवतात आणि काम वाटून देतात. तारेवरची चूक पकडणं, हरवलेला निरोप पुन्हा पाठवणं ही घाईची कामं बोर्डाची. कोणता कॉल कुठे न्यायचा, हा विचार होस्टचा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा. लिंक म्हणजे निरोपांची वाट. सेकंदाला ६४ किलोबिटची लिंक सुरू होताना दोन्हीकडचे बोर्ड सुमारे ८.२ सेकंद एकमेकांना पारखतात. मग निरोप नसला तरी रिकामी पाकिटं चालूच राहतात, गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा तशी. होस्ट बंद पडला आणि बोर्ड जागा असला, तर बोर्ड तसं कळवतो, आणि पलीकडचं एक्स्चेंज निरोप दुसऱ्या लिंकवर वळवतं.

ती दुसरी लिंक दुसऱ्या होस्टवर असावी, हे शहाणपण. बाहेरच्या जगाला दोन्ही होस्ट एकच दिसायला हवेत, म्हणून दोघांच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पॉइंट कोड, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, एकच लिहायचा. लिंकचे क्रमांक मात्र वेगळे, एकीला ०, दुसरीला १. एका होस्टच्या कॉलचा निरोप दुसऱ्याच्या लिंकवर येऊ शकतो. तो आतल्या आत पोचवायला दोघांमध्ये नेटवर्कची वाटही लागते.

सगळ्यात जपून लिहायचे ते आवाजाच्या सर्किटचे क्रमांक; दोन्हीकडे ते जुळायला हवेत. आवाज वाहणाऱ्या ई-वनच्या एका केबलमध्ये ३२ टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे कप्पे, असतात; शून्यावा ताळमेळासाठी, सोळावा बहुतेकदा सिग्नलिंगसाठी. प्रचलित पद्धतीत मोजणी ३२ च्या पटीत चालते, म्हणजे दुसऱ्या केबलचं पहिलं सर्किट ३३. एके ठिकाणी आमच्या फाइलमध्ये ते ३२ पडलं होतं. लिंक अप, दिवे हिरवे, पहिल्या केबलवरचे कॉल झकास. दुपारी गर्दी वाढली, दुसरी केबल भरू लागली आणि तक्रारी आल्या. घंटा वाजायची, फोन उचलला जायचा, बिलही सुरू व्हायचं. पण कानावर कधी शुकशुकाट, कधी भलत्याचंच बोलणं. निरोप बिनचूक पोचत होता, आवाज शेजारच्या सर्किटात उतरत होता. वाटा वेगळ्या केल्या की हा धोका सोबत येतो: एकीवरून दुसरीची खबर लागत नाही.

म्हणून ही फाइल एकट्याने लिहायची गोष्टच नाही. पलीकडच्या इंजिनिअरला फोन लावून दोघांनी आपापले आकडे मोठ्याने वाचावेत, पॉइंट कोडपासून शेवटच्या सर्किटापर्यंत. आणि दिवे हिरवे झाले तरी उठू नये. शेवटच्या केबलच्या शेवटच्या टाइमस्लॉटवर एक कॉल लावावा, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ विचारावं आणि माणसाचं उत्तर कानावर पडेपर्यंत थांबावं.