फिनलंडच्या जंगलाचा हिशेबनीस

फिनलंडच्या जमिनीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि त्यातला मोठा हिस्सा सरकारचा नाही, साध्या कुटुंबांचा आहे. त्या देशात सहा लाखांहून जास्त वनमालक आहेत. कुणी शाळेत शिकवतं, कुणी इस्पितळात काम करतं, आणि वडिलांकडून वाट्याला आलेलं पाइन-स्प्रूसचं रान सांभाळतं. एवढ्या हातांत वाटलेल्या जंगलात किती लाकूड उभं आहे, वर्षाला किती वाढतं आणि किती तोडलं तर चालेल, हे सांगणारी संस्था म्हणजे लुओन्नोनवाराकेस्कुस. सगळे तिला ‘लुके’ म्हणतात. शेती, मत्स्य आणि वन संशोधनाच्या तीन संस्था व कृषी सांख्यिकीचं काम एकत्र करून 2015 साली ती उभी राहिली. तिच्यातली वनसंशोधन संस्था मात्र 1917 ची आहे.

लुकेचं खरं भांडवल म्हणजे वनगणना. उर्यो इल्वेसालो या वनशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 या काळात पहिली गणना झाली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपली मुख्य संपत्ती किती आहे हेच ठाऊक नव्हतं. इल्वेसालोंनी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या समांतर रेषा आखल्या, दोन रेषांत 26 किलोमीटरचं अंतर ठेवलं आणि माणसं त्या रेषांवरून चालत गेली. दिशाही विचारपूर्वक निवडलेली होती. फिनलंडमधल्या टेकड्या आणि तळी बहुतेक ठिकाणी वायव्य-आग्नेय पसरलेली आहेत. त्यांना आडवं छेदत गेलं की उंचवटा, उतार, दलदल असं सगळं वाटेत येतं आणि नमुना एकांगी राहत नाही. संगणक नसलेल्या काळात देशभरच्या जंगलाचा असा अंदाज बांधणं हे मला तरी विसाव्या शतकातल्या मोठ्या वैज्ञानिक कामांपैकी एक वाटतं.

शंभर वर्षांनंतरही कामाचा गाभा तोच आहे. मोजणीचं पथक ठरलेल्या ठिकाणी पोहोचतं, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास घेतं, उंची मोजतं. काही झाडांच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढली जाते. तिच्यावरची वलयं म्हणजे झाडाच्या वाढीची वर्षागणिक नोंद. उन्हाळा चांगला गेला तर वलय रुंद, वाईट गेला तर अरुंद. 1990 नंतर या मोजमापांना उपग्रहाच्या चित्रांची जोड मिळाली, त्यामुळे तालुक्याएवढ्या भागाचाही अंदाज देता येऊ लागला. पण उपग्रहाला वलयं दिसत नाहीत. चिखलात उतरणारा माणूस अजूनही लागतोच.

या आकड्यांवर उद्योग उभा आहे. 2014 साली फिनलंडने जैवअर्थव्यवस्थेचं धोरण जाहीर केलं. 2025 पर्यंत या क्षेत्राची उलाढाल 6 हजार कोटी युरोंवरून 10 हजार कोटींवर न्यायची आणि एक लाख नवे रोजगार निर्माण करायचे, असं ठरलं. 2017 मध्ये आनेकोस्की या शहरात 120 कोटी युरोंचा कारखाना सुरू झाला. वर्षाला 65 लाख घनमीटर लाकूड घेऊन तो 13 लाख टन लगदा बनवतो, शिवाय टर्पेंटाइन आणि टॉल तेल काढतो, आणि स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून जास्त वीज निर्माण करतो. लाकडाचा कुठलाच भाग वाया जाऊ द्यायचा नाही, ही यामागची कल्पना. लाकडापासून कापडाचा धागा आणि प्लास्टिकला पर्याय कसा मिळेल, यावर लुकेतही संशोधन चालतं.

म्हणजे जंगल मोजायचं आणि त्याचा वापर वाढवायलाही मदत करायची, ही दोन्ही कामं एकाच छताखाली. त्यावर ही संस्था कृषी व वन मंत्रालयाच्या अखत्यारीत. अशा जागी आकडे सोयीचे निघण्याची भीती रास्तच आहे.

2022 साली कसोटी लागली. जंगलांसह सगळ्या जमीन-वापर क्षेत्राच्या कार्बनचा हिशेब लुकेच करते. 2021 मध्ये हे क्षेत्र कार्बन शोषण्याऐवजी पहिल्यांदाच निव्वळ उत्सर्जक ठरल्याचं तिने जाहीर केलं. तोड प्रचंड झाली होती, पाइनची वाढ मंदावली होती, आणि विसाव्या शतकात लाकडासाठी चर खणून कोरड्या केलेल्या दलदलींतला पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कुजून कार्बन सोडत होता. 2022 मध्येच, 2035 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं उद्दिष्ट कायद्यात आलं होतं आणि त्याचा मोठा भार जंगलांवर टाकलेला होता. कारखान्यांना आणि सरकारला इतका अडचणीचा आकडा दुसरा नसेल. पद्धतीवरून वादही झाले. पण आकडा बाहेर आला. पुढे वाढीतही घट नोंदली गेली: 2014–18 च्या गणनेत वर्षाला सुमारे 10 कोटी 80 लाख घनमीटर, 2019–23 मध्ये 10 कोटी 30 लाख. माझ्या लेखी लुकेचं मोठेपण लाकडाच्या धाग्यात नाही, या आकड्यांत आहे.

आपल्याकडे हे काम देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था करते. 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो आणि झाडं कुठलीही असोत. त्यामुळे कोकणातल्या आंबा-काजूच्या बागाही त्यात येतात. हा अहवाल सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि त्यात जिल्हानिहाय तक्ते आहेत. आपल्या जिल्ह्याची ओळ जरूर काढून पाहा, आणि त्यातलं किती जंगल आणि किती बाग, हे वन खात्याला विचारा.