काळ्या पट्टीतली वीज

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. लेथ आहे, शिकंजा आहे आणि भिंतीवर टांगलेल्या कानशी मोजायच्या तर एक रविवार जाईल. इंग्लंडमधल्या फार्नबरोला आम्ही राहायला आलो, तेव्हा सिगारेटींनी त्यांचा आवाज पार खरवडला होता. पुढे सिगारेट सुटली, वेपिंग लागलं. पण बाजारातलं प्लॅस्टिकचं यंत्र त्यांना हातात धरवेना. "माझं मी बनवतो," म्हणाले. लाकूड आणि कार्बन फायबर. मी मदतनीस, म्हणजे धरायला आणि झाडायला.

वेपिंगबद्दल मला प्रेम नाही. निकोटीन ते निकोटीनच. पण हे काम बघायला मी तीन शनिवार गेलो.

लाकूड अक्रोडाचं, मोडक्या कपाटाच्या पायातून निघालेलं. आत बसणारी बॅटरी 18650 नंबरची. नंबरातच तिचं माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. तिच्यासाठी 20 चं भोक पाडलं की कडेला जेमतेम तीन मिलिमीटरची भिंत उरते. पहिला ठोकळा गिरमिट खालून बाहेर पडताना चिरला. दुसऱ्याच्या तळाला आजोबांनी भंगार फळी घट्ट आवळली, आणि दर दोन-तीन मिलिमीटरला ड्रिल वर उचलत, भुसा फुंकत ते उतरत गेले. मी घड्याळ पाहिलं. एका भोकाला पंचवीस मिनिटं.

पुढच्या-मागच्या बाजूला एकेक मिलिमीटर जाडीच्या कार्बन फायबरच्या पट्ट्या लावायच्या होत्या. हा पदार्थ या गावाला परका नाही. 1960 च्या दशकात इथल्याच रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये त्याचा मजबूत धागा बनवण्याची पद्धत बसवली गेली. खिडकीजवळ धरली की पट्टीतली वीण चटईसारखी हलते. एक चौकडा उजळतो तेव्हा शेजारचा विझतो. पण कापायला नतद्रष्ट. धूळ बारीक, घशात जाणारी, म्हणून पाण्याखाली धरून बारीक दात्यांच्या करवतीनं कापायची, तोंडाला मास्क. मी शहाणपणा करून हातमोजे काढले आणि कडेवरून बोट फिरवलं. कुसळ गेलं. दिसेना, निघेना, बोट वाकवलं की मात्र आहे हे कळे. आजोबांनी भिंग आणि चिमटा काढला, एक शब्द न बोलता. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या शनिवारी खरी गंमत. पट्टी स्क्रूनं बसवून झाली होती. आजोबांनी मल्टिमीटरची एक सुई वरच्या स्क्रूला लावली, दुसरी खालच्या. मीटर वाजला. पट्टीच्या चकचकीत पृष्ठावर सुया टेकवल्या तर गप्प. मी चक्रावलो. वरून राळेचा थर आहे, तो वीज अडवतो. पण भोक पाडलं, कड कापली, की आतले धागे उघडे पडतात, आणि ते धागे म्हणजे कार्बन, विजेला वाट देणारा. दिसायला प्लॅस्टिक, वागायला तार. बॅटरीचं एक टोक एका स्क्रूला आणि दुसरं दुसऱ्याला चुकून टेकलं असतं, तर बटण न दाबताच ती पट्टी तापली असती.

तो सगळा दिवस झाकण्यात गेला. कडांना इपॉक्सी, भोकांना नायलॉनच्या बारीक नळ्या, बॅटरीच्या भोवती जाड कागदी अस्तर, स्क्रूही नायलॉनचे. प्रत्येक थरानंतर मीटर. बाहेरून कुणाला दिसणार नाही असंच हे सगळं काम, आणि आजोबा त्यात सर्वांत जास्त रमले होते. तळाला एक छोटं भोक ठेवलं: बॅटरी बिघडली तर आतला वायू कोंडू नये म्हणून.

वायरिंगला फार वेळ लागला नाही. बटणातून जेमतेम प्रवाह. खरा भार मॉसफेट नावाच्या तीन पायांच्या भागावर. वाफ करणारी कॉइल अर्ध्या ओहमची. भरलेली बॅटरी 4.2 व्होल्ट, म्हणजे 8.4 अँपिअर, पस्तीसेक वॉट. हा हिशेब आजोबांनी पेन्सिलीनं लाकडाच्या आतल्या अंगावर लिहिला. बॅटरी उलटी घातली तर मॉसफेट प्रवाह अडवत नाही, कॉइल आपोआप पेटते. म्हणून अधिकचं चिन्हही तिथंच, ठळक.

मी लवकरच पुण्याला जाणार हे कळल्यावर ते म्हणाले, "असाच एक तुलाही करतो, घेऊन जा." भारतात 2019 च्या कायद्यानं असली यंत्रं बनवणं, विकणं, आयात करणं सगळं बंद आहे, हे सांगितल्यावर ते हसले. "मग याचं लाकूड तरी ने." उरलेला अक्रोडाचा तुकडा माझ्या पिशवीत पडला.

तिसऱ्या शनिवारी तेलाचे चार हात देऊन वाळवलेलं यंत्र बाकावर होतं. आजोबांनी बॅटरी घातली, चिन्ह दोनदा पाहिलं, बटण दाबलं. कॉइल सळसळली. पहिला झुरका घेण्याआधी त्यांनी यंत्र कानाशी धरून हलवलं. आत काही खुळखुळत होतं. परत उघडलं. नायलॉनची एक जादा नळी, मीच विसरलेली.