कवट्या महाकाळचं नाव

एन्झो बार्बोनीनं १९७० साली ‘ट्रिनिटी’ पडद्यावर आणला, तेव्हा इटलीत वेस्टर्न म्हटलं की प्रेतांचा खच ठरलेलाच असे. बार्बोनीनं पिस्तुलाला दुय्यम ठरवलं आणि थपडांना मोकळीक दिली. नायक टेरेन्स हिल म्हणजे व्हेनिसचा मारिओ जिरोत्ती, त्याचा पडद्यावरचा दांडगा भाऊ बड स्पेन्सर म्हणजे नेपल्सचा कार्लो पेदेर्सोली. अमेरिकी नावं फक्त पोस्टरपुरती. आपल्याकडे या सिनेमाचा सख्खा भाऊबंद शोधायचा तर माझ्या मते तो महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०). मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून त्याची नोंद होते, पण त्याचं खरं धाडस रुंद पडद्यापेक्षा खलनायकाच्या नावात आहे.

कवट्या महाकाळ. कवटीचा मुखवटा, संहारक देवाचं नाव, आणि उच्चारताच आठवतं ते सांगली जिल्ह्यातलं कवठे महांकाळ. कोल्हापूरच्या माणसाला हे नाव मिरजेपुढे पंढरपूरच्या वाटेवरचं स्टेशन म्हणून ठाऊक असतं. दरोडेखोर जिवंत माणसं कापत सुटला तरी नाव ऐकताच तालुक्याची पाटी डोळ्यांपुढे येते आणि भीतीला तडा जातो. उलट ‘शोले’तला (१९७५) गब्बर बघा. ते नाव चंबळच्या खोऱ्यातल्या, १९५०च्या दशकातल्या खऱ्या डाकूचं. दहशत त्याच्या अक्षरांतच मुरलेली. बार्बोनीनं जे काम थपडेवर सोपवलं, ते मराठीनं शब्दावर सोपवलं. आदल्याच वर्षीच्या ‘थरथराट’मधला राहुल सोलापूरकरांचा टकलू हैवान याच घडणीचा: हैवानाआधी टक्कल.

यावर आक्षेप असा की ही सगळी ‘शोले’ची उचल आहे. असेल. पण ‘शोले’नं सर्जिओ लिओनेकडून घेतलं आणि लिओनेनं १९६४ साली कुरोसावाच्या ‘योजिम्बो’कडून. उसनवारीनंच कलाकृती बाद होत असेल, तर या रांगेतलं फारसं काही उरणार नाही. प्रश्न उसन्याचं काय केलं एवढाच. त्याचं उत्तर तमाशातल्या वगात आहे. वगातला राजा कितीही गर्जला तरी सोंगाड्या त्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावतो आणि सिंहासन डळमळतं. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं ‘ब्रह्मचारी’त (१९३८) अत्र्यांच्या लेखणीतून हीच रीत ब्रह्मचर्याच्या व्रतावर चालवली. ‘धडाकेबाज’मध्ये सोंगाड्याची ती जागा लक्ष्मीकांत बेर्डे घेतात, शिवाय बाटलीतला गंगारामही तेच. डाकूच्या टोळीपुढे एकाच चेहऱ्याचे दोन सोंगाडे! हा मुलांचा सिनेमा म्हणून त्याला समीक्षेबाहेर ठेवणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की मुखवट्यामागच्या माणसाला न भिण्याची ही रीत मुलांना दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमानं इतक्या लख्ख भाषेत दाखवली?