उसनें वजन

हल्लीं पुष्कळ घरांतून रविवारीं सायंकाळीं तरुण मंडळी मोटारींच्या शर्यती पाहत बसलेली असतात. चारी चाकें उघडीं, नाकाशीं एक पंख, पाठीशीं दुसरा, आणि अंगावर जागोजाग लहानमोठे पापुद्रे, अशी ती गाडी पाहून वडील माणसें साहजिकच विचारतात, "हिला उडावयाचें आहे कीं काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी नेमका आहे. हिला उडावयाचें तर नाहींच. उलट जमीन न सोडण्यासाठीं हिचा सारा खटाटोप चाललेला असतो. त्या खटाटोपांत बुद्धि किती, पैसा किती आणि जीवावरची जोखीम किती, हें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

भोर-वेल्ह्याचा मुलूख भातखाचरांचा, गडांचा आणि घाटांचा. या गाड्यांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तथापि त्यांचें मर्म समजून घ्यावयास तोच मुलूख उपयोगीं पडतो. कुळव जमिनींत नीट बसत नसला म्हणजे शेतकरी त्यावर स्वतः उभा राहतो, नाहींतर एखादा धोंडा ठेवतो. वजन वाढलें कीं पकड वाढली. आतां भोराहून महाडाकडे उतरणाऱ्या वरंधा घाटाचें एखादें वळण डोळ्यांपुढें आणा. गाडी तेथें वेगानें नेली तर ती बाहेरच्या अंगास फेकली जाऊं पाहते. तिला धरून ठेवणारें एकच, टायर व रस्ता यांमधील घर्षण; आणि तें टायरवरील भाराबरोबर वाढतें. मग कुळवाप्रमाणें गाडींतही धोंडे भरावे काय? तसें केल्यानें कांहींच साधत नाहीं. धोंड्याच्या वजनानें पकड वाढेल, पण तो धोंडाही वळणांतून वळवून न्यावा लागेल, आणि जितका तो जड तितका त्याचा बाहेर जाण्याचा जोरही मोठा. एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें गेलें. चाकांना दाबील, पण स्वतः वळवावें लागणार नाहीं, असें वजन पाहिजे. तें वजन वाऱ्याकडून उसनें घेतां येतें, आणि तो पंख आहे तो त्यासाठीं.

विमानाचा पंख वाऱ्यांतून जातांना वर उचलला जातो. तोच पंख उलटा बसविला तर खालीं दाबला जातो. एवढ्या साध्या कल्पनेवर ही विद्या उभी आहे. यांत लक्षांत ठेवावयाचें हें कीं, हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून फॉर्म्युला-वन जातीची गाडी भरवेगांत असतां वाऱ्यानें घातलेला भार तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक होतो, आणि तीच गाडी संथपणें चालली असतां तो भार जवळजवळ नाहींसा होतो. परिणाम असा चमत्कारिक कीं, कांहीं वळणें वेगानें घेतलीं तर गाडी चिकटून राहते आणि भीत भीत घेतलीं तर घसरते!

दुसरी युक्ति याहून गूढ आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोंक आहे. त्यास नेढें म्हणतात. त्या नेढ्यांत जे बसले असतील त्यांना ठाऊक आहे कीं, माचीवर वारा बेताचा असला तरी नेढ्यांत तो अंगावर धावून येतो. अरुंद वाटेंतून निघावयाचें म्हणजे त्याला धावावेंच लागतें. प्रवाह असा धावूं लागला म्हणजे त्याचा दाब उतरतो, हें तत्त्व डॅनिएल बर्नुली या पंडितानें १७३८ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें. शर्यतीच्या गाडीचें पोट आणि रस्ता यांमधील फट हें एक आडवें नेढेंच समजावें. तेथून वारा धावतो, खालचा दाब उतरतो, आणि वरची हवा गाडीला जमिनीवर दाबून धरते.

आतां या उसनवारीचा इतिहास. १९५६ सालीं मायकेल मे नांवाच्या स्विस इंजिनियरानें आपल्या पोर्श गाडीवर उलटा पंख उभारून ती न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीस आणली, तेव्हां आयोजकांनीं ती तशी धांवूं दिली नाहीं. बारा वर्षांनीं, १९६८ त, तेच पंख फॉर्म्युला-वनमध्यें शिरले आणि पाहतां पाहतां बांबूवरच्या पताकांसारखे उंच झाले. १९६९ च्या मे महिन्यांत बार्सिलोना येथील शर्यतींत एका उंचवट्यावर ग्रॅहॅम हिल यांच्या लोटस गाडीचा मागचा पंख मोडला. थोड्याच वेळानें त्यांचेच सहकारी योखेन रिंट यांचा पंख त्याच ठिकाणीं मोडला. हिल बचावले, रिंट जखमी झाले. मागितलें तेव्हां न देणाऱ्या सावकारापेक्षां भर लग्नांत येऊन पैसे परत मागणारा सावकार वाईट; वारा हा त्या दुसऱ्या जातीचा. पुढच्याच शर्यतीच्या वेळीं, मोनॅको येथें, उंच पंखांवर बंदी आली. नंतर ठेंगणे, गाडीच्या अंगास घट्ट जडविलेले पंख तेवढे राहिले. रिंट यांनीं पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलें होतें. १९७० च्या सप्टेंबरांत मोंझा येथें सरावाच्या वेळीं वेग अधिक मिळावा म्हणून त्यांच्या गाडीचे पंख काढले होते. तेथें ब्रेक लावतांना गाडी वांकडी होऊन ते मृत्यु पावले. ब्रेकचा दांडा तुटला असें मानतात. त्या सालचें जगज्जेतेपद मरणोत्तर त्यांस मिळालें. असें दुसरें उदाहरण अद्याप घडलेलें नाहीं.

पुढें लोटसचे कॉलिन चॅपमन यांनीं गाडीच्या पोटाखालचें नेढें शोधून काढलें, दोन्ही बाजूंस जमिनीपर्यंत पडदे सोडले, आणि १९७८ सालीं मारिओ आंद्रेत्ती त्या गाडीवर जगज्जेते झाले. त्याच वर्षीं गॉर्डन मरे यांनीं तर ब्रॅबहॅम गाडीच्या मागें चक्क एक मोठा फिरता पंखा बसवून खालची हवा ओढून घेतली. घर झाडण्याचें विजेचें यंत्र गालिच्याला चिकटतें, तोच प्रकार. निकी लाउडा यांनीं स्वीडनमधील शर्यत तीवर जिंकली, आणि तेवढ्या एका शर्यतीनंतर ती गाडी मागें घेण्यांत आली. पडद्यांचा धोका असा कीं, एखादा पडदा अडकून वर राहिला तर सारा दाब एका क्षणांत जातो. म्हणून १९८१ त सरकते पडदे गेले आणि १९८३ पासून गाडीचें पोट सपाट ठेवण्याचा नियम आला.

१९९४ च्या इमोला शर्यतीची आठवण मात्र अजून मोटारप्रेमी लोकांच्या मनांतून गेलेली नाहीं. ३० एप्रिल रोजीं रोलांड राट्झेनबर्गर यांच्या गाडीचा पुढचा पंख भरवेगांत निखळला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशीं आयर्टन सेना गेले. त्या वर्षीं नियम झाला कीं, गाडीच्या पोटाखालीं लाकडाची एक फळी जडवावी, म्हणजे गाडी जमिनीशीं फाजील लगट करूं शकणार नाहीं. फळी दहा मिलिमीटर जाड, तींतील एक मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. जगांतील सर्वांत महागड्या गाडीची अब्रू लाकडाच्या फळीनें मोजावी, ही गोष्ट आम्हांस फार गमतीची वाटते. आणि मोजणी लटकी नव्हे: २०२३ सालीं अमेरिकेंत ऑस्टिन येथें दुसरे आलेले लुइस हॅमिल्टन व सहावे आलेले शार्ल लेक्लेर या दोघांचाही क्रमांक फळी अधिक झिजल्यामुळें रद्द झाला.

२०२२ पासून पोटाखालचीं भुयारें नियमानें पुन्हां परत आणलीं होतीं, कारण पंखांच्या मागें सुटणारा घुसळलेला वारा मागून येणाऱ्या गाडीचा दाब हिरावून घेई आणि पुढें जाणें अशक्य होई. तो दोष बराच कमी झाला. परंतु गाड्या भरवेगांत वरखालीं आदळूं लागल्या, आणि बाकू येथील शर्यतीनंतर हॅमिल्टन पाठ धरून गाडींतून उतरतांना साऱ्या जगानें पाहिले.

दाब फुकट मिळत नाहीं. त्याच्याबरोबर वाऱ्याचा विरोधही येतो, आणि उघडीं फिरतीं चाकें तर विरोधाचें आगरच. म्हणून हंगामभर गाडींत फेरफार चालू असतात: कोठें कड वाकवावयाची, कोठें फट बोटभर सरकवावयाची. हे फेरफार कांहीं डोळ्यांस दिसत नाहींत, पण फळ दिसतें. २०२३ च्या आरंभीं मॅक्लारेन हा संघ मागच्या रांगेंत होता. त्या वर्षीं ऑस्ट्रियाच्या शर्यतीपासून नवें अंग चढविलें, आणि २०२४ सालीं तो १९९८ नंतर प्रथमच संघांत अव्वल ठरला.

असे फेरफार आधीं वातनळींत पारखतात. वेल्ह्याच्या शेजारीं खडकवासल्यास, १९१६ सालीं सुरू झालेल्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रांत धरणांच्या लहान प्रतिकृति करून त्यांवरून पाणी सोडून पाहतात. मोटारवाले हेंच वाऱ्यानें करतात. त्यांची प्रतिकृति मूळ गाडीच्या शेंकडा ६० हून मोठी असूं नये आणि वारा सेकंदास ५० मीटरहून जोराचा नसावा, असें बंधन आहे. शिवाय जो संघ पहिला येतो त्यास वातनळीचे तास सर्वांत कमी, आणि जो शेवटचा त्यास सर्वांत अधिक. एकत्र कुटुंबांत अशक्त मुलाच्या भातावर तुपाची धार जरा अधिक पडते, त्यांतलाच हा न्याय. श्रीमंत संघ कुरकुरतात; आम्हांस मात्र हा नियम मनापासून आवडतो.

आपल्या लोकांचाही या उद्योगांत हात आहे. मुंबईची महिंद्र कंपनी २०१४ पासून, म्हणजे अगदीं आरंभापासून, विजेवर चालणाऱ्या उघड्या चाकांच्या फॉर्म्युला-ई शर्यतींत आहे. पहिल्या वर्षीं तिच्या गाड्या करुण चंढोक आणि आयर्टन सेना यांचे भाचे ब्रुनो सेना यांनीं चालविल्या. २०१७ सालीं बर्लिन येथें फेलिक्स रोझेनक्विस्ट यांनीं तिला पहिला विजय मिळवून दिला. तेथें सर्वांच्या गाडीचें अंग व पंख नियमानें सारखेच असतात. स्पर्धा मोटर आणि विजेच्या काटकसरीची. खर्च वांचतो खरा, पण वाऱ्याशीं झोंबण्याची मजा जाते.

ती मजा विद्यार्थ्यांच्या वांट्यास आली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.चा संघ स्वतः बांधलेली गाडी इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथील विद्यार्थि-स्पर्धेस नेत आला आहे. या स्पर्धेचा मार्ग मुद्दाम वांकडातिकडा आखलेला असल्यानें वेग बेताचा, आणि वेग बेताचा म्हणजे वर्गाच्या हिशेबानें दाब फारच थोडा. म्हणून अशा कित्येक गाड्यांना मोठमोठे पंख लावलेले दिसतात. लहान मुलानें आजोबांचा अंगरखा घालावा, तशा त्या दिसतात.

२०२६ च्या नियमांनीं फॉर्म्युला-वनच्या पंखांना हलण्याची मोकळीक दिली आहे: सरळ मार्गावर दोन्ही पंखांच्या पट्ट्या आडव्या पडून विरोध कमी करावयाचा, वळण आलें कीं पुन्हां उभ्या राहून दाब घ्यावयाचा. गाडीचें किमान वजनही ७६८ किलोवर आणलें आहे. पट्टी वेळेवर उभी राहिली नाहीं तर काय होईल, हें ज्यांनीं १९६९ पाहिलें त्यांना सांगावयास नको. म्हणूनच कीं काय, पंख वांकवून पाहण्याची परीक्षा अलीकडे कडक होत चालली आहे. २०२५ च्या स्पॅनिश शर्यतीपासून पुढच्या पंखाच्या दोन्ही बाजूंस वजन टांगून पाहतात तेव्हां तो पंधरा मिलिमीटर वांकला तरी चाले, तेथें दहावर आणलें. पंधराचे दहा. पण तेवढ्यासाठीं संघांना नवे पंख घडवावे लागले.